स्मृतीचे पोटहिस्से

संगणकाच्या रचनेत स्मृती आणि साठवण या दोन गोष्टी दीर्घकाळ वेगळ्या मानल्या गेल्या. रॅम वेगवान असते, प्रोसेसरला तिच्यातला एकेक बाइट थेट वाचता-लिहिता येतो, पण वीज गेली की तिच्यातले सारे पुसले जाते. डिस्क वीज नसतानाही मजकूर जपते, परंतु तिच्याशी बाइटाबाइटाने व्यवहार करता येत नाही; तिच्याकडे ५१२ किंवा ४०९६ बाइटांचा आखलेला तुकडा, म्हणजे सेक्टर, एकदम मागावा लागतो आणि तो रॅममध्ये उतरवून घेतल्यावरच प्रोसेसरच्या कामी येतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा यंत्रसामग्री आणि प्रोग्राम यांच्यामध्ये बसून सगळ्या देवघेवीवर नियंत्रण ठेवतो, त्याची बरीचशी घडण या भेदावर उभी आहे. रॅमच्याच खाचेत बसणारी, बाइटाबाइटाने वाचता येणारी आणि तरीही वीज गेल्यावर मजकूर न विसरणारी स्थायी स्मृती जेव्हा आली, तेव्हा हा भेद पुसट झाला आणि डिस्कच्या काळातले कितीतरी सरावाचे व्यवहार पुन्हा तपासून पाहावे लागले. पार्टिशन पाडणे हा त्यांतला सर्वांत किरकोळ वाटणारा व्यवहार. पण स्मृती म्हणजे काय आणि साठवण म्हणजे काय, हा प्रश्न नेमका तिथेच सर्वांत स्पष्टपणे समोर येतो.

पार्टिशन ही मुळात कागदावरची वाटणी आहे. जमिनीच्या एका गट क्रमांकाचे पोटहिस्से पडतात तेव्हा माती जागची हलत नाही, फक्त नोंद बदलते आणि त्या नोंदीप्रमाणे बांध मानला जातो. डिस्कचेही तसेच असते. १९८३ मध्ये पीसी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेल्या मास्टर बूट रेकॉर्ड पद्धतीत डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी असत आणि कोणता हिस्सा कोणत्या सेक्टरपासून सुरू होतो व किती सेक्टरांचा आहे, हे त्या नोंदींत लिहिलेले असे. पुढे आलेल्या जीपीटी पद्धतीत नोंदींची संख्या सामान्यतः १२८ झाली, प्रत्येक नोंद १२८ बाइटांची झाली, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाऊ लागली आणि तक्ता बिघडलेला नाही हे पडताळण्यासाठी सीआरसी नावाची बेरीजवजा खूण जोडली गेली. पद्धत कोणतीही असली तरी कर्नलला करावे लागणारे काम एकच आणि अत्यंत साधे असते. फाइल सिस्टिम आपल्या हिस्स्यातला दहावा सेक्टर मागते, कर्नल त्या दहात हिस्स्याचा आरंभ मिळवतो, हिस्स्याच्या शेवटापलीकडे तर मागणी जात नाही ना एवढे पाहतो, आणि येणारा आकडा डिस्कच्या ड्रायव्हरकडे पाठवतो. वाटणीचे सारे ओझे एका बेरजेने आणि एका तुलनेने पेलले जाते.

ही बेरीज इतकी वर्षे निर्धोक राहिली याचे कारण असे, की प्रत्येक वाचनाच्या आणि प्रत्येक लेखनाच्या वेळी कर्नल स्वतः मध्ये उभा असे. डिस्कवरचा मजकूर आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे कर्नलने रॅममध्ये राखलेल्या प्रतींच्या साठ्यात येई, प्रोग्राम त्या प्रतीवर काम करी, आणि बदललेली प्रत कर्नल सवडीने डिस्कवर परत उतरवी. हिस्सा सेक्टर ६३ पासून सुरू होतो की २०४८ पासून, याची प्रोग्रामला गंधवार्ता नसे, कारण त्याच्या हाती पडणारी प्रत नेहमी रॅमच्या पानावर नीट मांडलेली असे. येथे पान हा शब्द तांत्रिक अर्थाने घ्यावयाचा. प्रोसेसर स्मृतीचा कारभार पानांच्या हिशेबाने करतो, बहुतेक संगणकांत असे एक पान ४०९६ बाइटांचे असते, आणि कोणत्या प्रोग्रामला कोणते पान दिसावे, ते नुसते वाचता यावे की त्यावर लिहिताही यावे, हे पेज टेबल नावाच्या तक्त्यात नोंदलेले असते. या तक्त्याला अर्धे पान ठाऊक नाही. पान दिले तर सबंध दिले जाते, नाकारले तर सबंध नाकारले जाते.

स्थायी स्मृतीच्या बाबतीत पेज कॅशचा हा मधला टप्पा निव्वळ अपव्यय ठरतो. मजकूर आधीच प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या स्मृतीत आहे. तो उचलून दुसऱ्या स्मृतीत त्याची नक्कल करायची, आणि काम झाले की ती नक्कल पुन्हा पहिल्या स्मृतीत उतरवायची, यात वेळही जातो आणि रॅमही अडते. फाइलचे मूळ पानच प्रोग्रामच्या पेज टेबलात थेट नोंदवून टाकायचे, म्हणजे नकलेचा प्रश्नच उरत नाही, हा यावरचा उपाय. या कल्पनेचे एक जुने रूप २००५ मध्ये आयबीएमच्या मोठ्या संगणकांच्या निमित्ताने लिनक्समध्ये आले होते. एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ४.० मध्ये मॅथ्यू विलकॉक्स यांनी ते नव्याने बांधून काढले आणि त्याला डॅक्स, म्हणजे थेट प्रवेश, हे नाव मिळाले. लगेचच ४.१ मध्ये स्थायी स्मृतीचा पीमेम हा ड्रायव्हर आला आणि ४.२ मध्ये एक्सएफएस ही फाइल सिस्टिम डॅक्स वापरू लागली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये इंटेल आणि मायक्रॉन यांनी थ्रीडी क्रॉसपॉइंट हे तंत्र जाहीर केले, आणि त्यावर उभे राहिलेले ऑप्टेन स्थायी स्मृतीचे १२८, २५६ व ५१२ जीबीचे मोड्यूल एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आले. कर्नलची तयारी बाजाराच्या चार वर्षे आधी झाली होती, ही बाब आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

डॅक्सच्या व्यवस्थेत फाइल सिस्टिम ड्रायव्हरला मजकूर मागत नाही, पत्ता मागते. अमुक सेक्टर प्रत्यक्ष स्मृतीत कोणत्या पानावर आहे आणि तिथून पुढे किती बाइट सलग मिळतील, एवढेच ती विचारते. ड्रायव्हर पानाचा क्रमांक सांगतो, तो क्रमांक पेज टेबलात चढतो, आणि त्या क्षणापासून कर्नल वाटेतून बाजूला होतो. आता पार्टिशनची ती जुनी बेरीज पुन्हा करून पाहावी. डॉसच्या काळापासून रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे पहिला हिस्सा सेक्टर ६३ पासून सुरू झाला असेल, तर त्याचा आरंभ ६३ गुणिले ५१२, म्हणजे ३२,२५६ व्या बाइटवर पडतो. ४०९६ ने भागल्यास सात पाने पूर्ण होतात आणि ३५८४ बाइट उरतात. हिस्स्याची सीमारेषा आठव्या पानाच्या पोटातून जाते, त्या पानाचे पहिले ३५८४ बाइट अलीकडच्या जागेचे ठरतात आणि शेवटचे ५१२ बाइट तेवढे या हिस्स्याचे ठरतात. अशा हिस्स्यातल्या फाइलचे पहिले पान मागितले, तर ड्रायव्हरने कोणत्या पानाचा क्रमांक सांगावा? आठवे सांगितले तर प्रोग्रामला आपल्या मजकुराआधी परक्याचे ३५८४ बाइट दिसतील आणि लिहिण्याची मुभा असल्यास ते बिघडवताही येतील. नववे सांगितले तर आपलेच ५१२ बाइट हरवतील. डिस्कवर ही अडचण येत नाही, कारण तिथे राखणदार कर्नल असतो आणि त्याला सेक्टरची सीमा कळते. डॅक्समध्ये राखण पेज टेबलाकडे जाते, आणि पानाहून बारीक बांध त्याला दिसत नाही.

म्हणून कर्नलने या ठिकाणी जुन्या बेरजेला आणि जुन्या तुलनेला एक तिसरी पायरी जोडली. हिस्स्याचा आरंभ मिळवल्यावर येणाऱ्या आकड्याला पानाच्या आकाराने निःशेष भाग जातो की नाही हे पाहायचे, आणि जात नसेल तर पत्ता देण्यास सरळ नकार द्यायचा. अर्धवट पान कसेबसे सांभाळून नेण्याची, सीमेवरच्या पानापुरती जुनी नकलेची पद्धत चालवण्याची तडजोड कागदावर सुचू शकते, पण तिच्यामुळे प्रत्येक फाइल सिस्टिममध्ये अपवादांचे जाळे शिरले असते आणि एखादा अपवाद चुकला तर एका हिस्स्याचा मजकूर दुसऱ्याच्या हाती गेला असता. नकार देण्याचा निर्णय कठोर दिसतो, तरी तो योग्यच होता.

ही काटेकोरता किती आवश्यक होती, याचा प्रत्यय २०१५ च्या सुरुवातीस लिनक्समधल्या रॅमडिस्कच्या ड्रायव्हरने दिला. रॅमडिस्क म्हणजे साध्या रॅमचाच एक भाग डिस्क म्हणून वापरण्याची सोय. स्थायी स्मृती हाती नसलेल्या काळात डॅक्सची चाचणी घेण्यासाठी तीच सर्वांत सोयीची होती. बोअझ हॅरोश यांनी त्या सुमारास केलेल्या दुरुस्तीत असे नोंदवले आहे, की या ड्रायव्हरवर एफडिस्क या आज्ञेने पार्टिशन पाडले असता सगळेच्या सगळे हिस्से शून्यापासून अखेरपर्यंतच्या सबंध जागेकडे बोट दाखवत असत. नावे निराळी, जमीन एकच, अशी ती स्थिती होती. कोणत्याही एका हिस्स्यावर नवी फाइल सिस्टिम उभारली की पार्टिशनचा तक्ता आणि शेजारचे हिस्से दोन्ही एकदम पुसले जात. ही चूक दुरुस्त झाल्यावर सीमारेषेचा प्रश्न पुढे आला. अवघ्या ४ एमबीच्या रॅमडिस्कवर एफडिस्क पहिल्या हिस्स्यासाठी सेक्टर ३४ सुचवीत असे. जीपीटीच्या हिशेबाने ते बरोबरच होते, कारण शून्यावा सेक्टर जुन्या पद्धतीच्या राखणीसाठी, पहिला तक्त्याच्या शीर्षकासाठी आणि पुढचे ३२ सेक्टर १२८ नोंदींसाठी जातात, आणि त्यानंतरचा पहिला मोकळा सेक्टर ३४ वा येतो. पण ३४ गुणिले ५१२ म्हणजे १७,४०८, म्हणजे चार पाने आणि वर १०२४ बाइट. डॅक्सला हा आरंभ चालणारा नव्हता.

यावर केलेला उपाय लहान आणि फार समंजस होता. ड्रायव्हरने आपला भौतिक ब्लॉक ५१२ नव्हे, तर एका पानाएवढा आहे, असे जाहीर करावयाचे. कर्नलच्या आतल्या वागणुकीत या घोषणेने काही फरक पडत नाही. ती केवळ बाहेरच्या साधनांना दिलेली सूचना असते. एफडिस्क ती वाचतो आणि ३४ ऐवजी ४० सुचवतो. ४० गुणिले ५१२ म्हणजे २०,४८०, म्हणजे नेमकी पाच पाने. वापरणाऱ्याने हट्टाने चुकीचा आकडा दिलाच तर एफडिस्क तो स्वीकारतो, आणि मग कर्नलचा नकार शिल्लक असतोच. वाटणी करणाऱ्याला आधी योग्य रेषा सुचवायची आणि तरीही चुकली तर व्यवहार अडवायचा, अशी ही दुहेरी राखण आहे.

नकार कळतो कसा, हा मात्र व्यवहारातला नाजूक भाग आहे. फाइल सिस्टिम माउंट करताना, म्हणजे ती निर्देशिकांच्या वृक्षाला जोडताना, कर्नल हिस्स्याची तपासणी करतो आणि रेषा चुकलेली असेल तर पार्टिशन डॅक्ससाठी नीट रेषेत नाही, अशा अर्थाची एक ओळ आपल्या नोंदवहीत लिहितो. त्यानंतर काय करायचे हे फाइल सिस्टिमवर अवलंबून असते. एक्सएफएसने अनेक आवृत्त्यांत डॅक्स बंद करत असल्याची नोंद करून माउंट पूर्ण करण्याचा मार्ग पत्करला. त्यामुळे मजकूर सुरक्षित राहतो आणि काम चालू राहते, पण ज्या थेट प्रवेशासाठी महागडी स्मृती विकत घेतली तो मिळालेलाच नाही, हे ज्याने नोंदवही उघडून पाहिली नाही त्याला कळत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीने माउंट झाले एवढ्यावर समाधान मानू नये, असा सल्ला या क्षेत्रात द्यावा लागतो तो याचमुळे.

पानाच्या रेषेवर आरंभ आला म्हणजे सारे साधले, असेही नाही. प्रोसेसरला ४ केबीच्या पानाखेरीज २ एमबीचे मोठे पानही वापरता येते. असे एक पान ५१२ लहान पानांचे काम करते. १ जीबीची फाइल लहान पानांनी पेज टेबलात चढवायची तर २,६२,१४४ नोंदी कराव्या लागतात, मोठ्या पानांनी ५१२ पुरतात. शिवाय पत्त्यांचे भाषांतर लक्षात ठेवणारा प्रोसेसरमधला छोटा साठाही कमी भरतो. परंतु मोठे पान वापरण्यासाठी प्रत्यक्ष स्मृतीतला पत्ता २ एमबीच्या पटीत असावा लागतो. आजची बहुतेक साधने मोठ्या डिस्कवर पहिला हिस्सा सेक्टर २०४८ पासून, म्हणजे १ एमबीपासून सुरू करतात. विंडोज व्हिस्टाच्या काळापासून रूढ झालेली ही पद्धत नव्या डिस्क आणि एसएसडी यांच्यासाठी उत्तम आहे, आणि ४ केबीच्या पानाच्या कसोटीलाही ती उतरते, कारण १ एमबीत अशी २५६ पाने बरोबर बसतात. पण मोठ्या पानाच्या दृष्टीने ही रेषा नेमकी अर्ध्यावर पडते. फाइल सिस्टिम आपल्या हिस्स्याच्या आरंभापासून मोजून २ एमबीच्या पटीत फाइल मांडते, आणि खाली प्रत्यक्ष स्मृतीत तीच फाइल प्रत्येक वेळी १ एमबीने सरकलेली असते. वरच्या थरातली सारी काळजी खालच्या एका आकड्याने वाया जाते. कर्नल येथे नकार देत नाही, तक्रारही करत नाही. तो निमूटपणे लहान पानांवर येतो. स्थायी स्मृतीवर पार्टिशन पाडायचेच असेल तर पहिला सेक्टर ४०९६ किंवा त्याच्या पटीतला द्यावा, म्हणजे ही गैरसोय टळते.

पार्टिशनचा तक्ता स्वतः कुठे लिहिला जातो, याचाही विचार करावा लागतो. डिस्क एक सेक्टर लिहिताना वीज गेली तर तो सेक्टर बहुधा जुना तरी राहतो किंवा नवा तरी होतो, आणि या भरवशावर जुनी साधने उभी आहेत. स्थायी स्मृतीवर प्रोसेसर एका वेळी फार तर ८ बाइटांच्या अखंडतेची हमी देतो. त्यामुळे १२८ बाइटांची एक नोंद म्हणजे असे सोळा तुकडे, आणि वीज त्यांपैकी कोणत्याही दोन तुकड्यांच्या मध्ये जाऊ शकते. अर्धा जुना आणि अर्धा नवा सेक्टर ही शक्यता येथे खरी ठरते. जुन्या मास्टर बूट रेकॉर्डपाशी असा बिघाड ओळखण्याचे साधन नाही, कारण त्याच्या शेवटी केवळ दोन बाइटांची ठरावीक खूण असते. जीपीटीची सीआरसी खूण आणि शेवटी ठेवलेली दुसरी प्रत यांचे मोल येथे कळते. सेक्टर अखंड लिहिला जाण्याची पक्की हमी हवी असल्यास लिनक्समध्ये ब्लॉक ट्रान्सलेशन टेबल नावाचा एक थर आहे, जो नवा मजकूर आधी मोकळ्या जागी लिहितो आणि मग नकाशातली एक नोंद बदलून तो रुजू करतो. पण या थराखाली सेक्टरांची जागा सतत बदलत राहते, म्हणून त्याच्यावर डॅक्स चालत नाही.

या सगळ्या अडचणी पाहता वाटणी मुळात कोणत्या थरावर व्हावी, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर नेमस्पेस या संकल्पनेत सापडते. स्थायी स्मृतीच्या मोड्यूलमध्ये लेबलांसाठी एक छोटी जागा राखलेली असते आणि सबंध स्मृतीचे तुकडे कसे पाडले आहेत याची नोंद तिथे ठेवता येते. एनडीसीटीएल या साधनाने नेमस्पेस तयार करतानाच त्याचा उपयोग ठरवता येतो. एफएसडॅक्स प्रकारात फाइल सिस्टिमसह थेट प्रवेश मिळतो, सेक्टर प्रकारात वर सांगितलेला अखंडतेचा थर मिळतो, आणि २०१६ मध्ये लिनक्स ४.७ बरोबर आलेल्या डेव्हडॅक्स प्रकारात फाइल सिस्टिमशिवाय सबंध तुकडा प्रोग्रामच्या हवाली होतो. डेव्हडॅक्समध्ये सेक्टर ही कल्पनाच नसल्याने पार्टिशनचा तक्ता लिहायला जागा नाही आणि वाचायला कोणी नाही. नेमस्पेसची वाटणी पानाच्या आणि मोठ्या पानाच्या सीमा ओळखून होते. एफएसडॅक्स प्रकारात प्रत्येक पानाच्या हिशेबासाठी कर्नल ६४ बाइटांची एक नोंद ठेवतो, म्हणजे ५१२ जीबीच्या मोड्यूलमागे सुमारे ८ जीबी, आणि ही जागा रॅममधून घ्यायची की त्याच स्थायी स्मृतीतून, हेही नेमस्पेस तयार करतानाच ठरवावे लागते. इतके महत्त्वाचे निर्णय ज्या थरावर होतात, त्याच थरावर वाटणीही व्हावी, हे सयुक्तिक आहे; वर पुन्हा पार्टिशन पाडणे हे सवयीपोटी, जुन्या साधनांच्या सोयीसाठी किंवा तयार डिस्क-प्रतिमा जशीच्या तशी उतरवता यावी म्हणून करावे, वाटणीचे मुख्य साधन म्हणून नव्हे.

जुलै २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेनचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले आणि त्यापोटी ५५.९ कोटी डॉलरचा साठा बुडीत दाखवला. कर्नलमधले हे काम मात्र त्यामुळे निरुपयोगी झाले नाही. रॅम, फ्लॅश आणि राखीव वीज एकत्र जोडलेली मोड्यूल त्याच ड्रायव्हरवर चालतात. आभासी यंत्रांना यजमान संगणकाचीच स्मृती स्थायी स्मृती म्हणून दाखवण्याची सोय आहे. आणि नोव्हेंबर २०२० मधल्या दुसऱ्या आवृत्तीपासून स्थायी स्मृतीला सामावून घेणारी सीएक्सएल ही जोडणी याच पायावर उभी राहत आहे.

हे सारे पडताळून पाहण्यासाठी खास मोड्यूल लागत नाही. लिनक्स सुरू होतानाच्या मेममॅप या सूचनेने साध्या रॅमचा, समजा, ४ जीबीचा तुकडा बाजूला काढता येतो आणि तो पीमेम० या नावाने स्थायी स्मृतीसारखा समोर येतो. वीज गेल्यावर तो पुसला जाईल एवढाच फरक. एनडीसीटीएलने त्याला एफएसडॅक्स प्रकारात आणावे, जीपीटी तक्ता लिहावा, सुचवलेला आकडा बाजूला सारून पहिला हिस्सा मुद्दाम सेक्टर ३४ पासून पाडावा, ४०९६ बाइटांच्या ब्लॉकची एक्सएफएस फाइल सिस्टिम त्यावर उभारावी आणि डॅक्सचा पर्याय देऊन ती माउंट करून कर्नलची नोंदवही पाहावी. नंतर तोच हिस्सा पुसून सेक्टर ४०९६ पासून पाडावा आणि तेच सारे पुन्हा करावे. पहिल्या वेळी नोंदवहीत रेषा चुकल्याची ओळ उमटते, दुसऱ्या वेळी ती उमटत नाही.